हप्ता चुकल्यावर : इस्लामी उधारीच्या अभ्यासाची प्रस्तावना

सौदी अरेबियात किंवा दुबईत ऑनलाइन खरेदी करताना पैसे भरण्याच्या पानावर आले, की कार्डाच्या पर्यायाखाली आणखी एक ओळ दिसते : चार हप्त्यांत भरा, व्याज शून्य. फोन दोन हजार रियालचा असेल तर पाचशे आज आणि उरलेले पाचशे-पाचशे पुढच्या तीन महिन्यांत. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, काम झाले. जामीन नको, पगाराचा दाखला नको, बँकेत खेटे नकोत. कंपनीच्या संकेतस्थळावर शोधले तर कुठेतरी एक प्रमाणपत्रही सापडते. त्यावर दोन-तीन धर्मशास्त्रज्ञांच्या सह्या असतात आणि ही सेवा शरियासंमत असल्याचा निर्वाळा असतो. हे पुस्तक त्या प्रमाणपत्रामागच्या विचाराबद्दल आहे.

पहिला प्रश्न वाचकाच्या ओठांवर असेलच. इस्लामला व्याज निषिद्ध, इथे व्याज नाहीच, मग शास्त्र्यांनी सह्या कशासाठी करायच्या? प्रश्न रास्त आहे. पण फिकह, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचे शास्त्र, जाहिरातीतल्या शून्यावर समाधान मानत नाही. ते करार उसवून पाहते. वस्तू कोणी कोणाला विकली? कंपनीने दुकानदाराला पैसे दिले ते कोणत्या नात्याने? तिला मिळणारा मोबदला कशाचा? आणि ठरल्या तारखेला हप्ता आला नाही तर पुढे काय? या विषयात शिरायचे दार शेवटच्या प्रश्नात आहे असे माझे मत आहे, म्हणून या पुस्तकाची सुरुवातही तिथूनच केली आहे. उधारी बिनव्याजी आहे की नाही याचा निकाल हप्ता चुकतो त्या दिवशी लागतो.

इस्लामपूर्व अरबस्तानातल्या ज्या सावकारीवर कुराणाचा रोष ओढवला, तिचे वर्णन जुन्या भाष्यकारांनी करून ठेवले आहे. उधारीची मुदत संपली की सावकार ऋणकोपुढे दोनच वाटा ठेवी : आता फेड, नाहीतर मुदत वाढवून घे आणि रक्कमही वाढवून दे. पुन्हा मुदत संपली की पुन्हा तोच सौदा. याला ‘रिबा अल-जाहिलिया’, म्हणजे इस्लामपूर्व काळातला रिबा (व्याजरूपी वाढ), म्हणतात. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की पहिल्या मुदतीत व्याज असेच असे नव्हे. कित्येकदा मूळ देणे म्हणजे उधार घेतलेल्या मालाची ठरलेली किंमत, एवढेच असे. वाढ सुरू होई ती तारीख चुकल्यावर. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, अल-बकरात, २७५ ते २८२ या आयतींमध्ये हा विषय जवळजवळ सलग येतो. व्यापार वैध ठरवला आहे आणि रिबा निषिद्ध. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, देणे सोडून दिले तर अधिकच चांगले, असे सांगितले आहे. आणि उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याची आज्ञा केली आहे. ही २८२वी आयत कुराणातली सर्वांत लांब आयत आहे. उधारीच मुळात पाप असती, तर ती कशी लिहावी, कोणी लिहावी, साक्षीला कोणाला बोलवावे याचा इतका तपशील तिथे आला नसता.

आता पुन्हा फोनवरच्या व्यवहाराकडे या. पहिल्या दिवशी व्याज शून्य. तारीख चुकली की विलंबशुल्क, समजा पंचवीस रियाल. किंवा अ‍ॅप मोठ्या अदबीने विचारते, थोडे शुल्क भरून तारीख पंधरा दिवस पुढे ढकलायची का? मक्केच्या सावकाराचे दोन पर्याय आणि हे बटण, यांत फिकहच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ साली निघालेल्या आफ्टरपेसारख्या कंपन्यांनी ग्राहकाला व्याज न लावता विलंबशुल्क लावायची रीत रूढ केली. तिच्यावर तिथेही टीका झाली, पण ती मुख्यतः रकमेवर आणि गरीब गिऱ्हाइकाच्या हालांवर होती. शास्त्र्यांचा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. देणे एकदा ठरले की काळाच्या बदल्यात त्यावर एक रियालही चढवता येत नाही, मग तो एक रियाल करारात आधी लिहिलेला असो वा नसो.

याच शास्त्रातली दुसरी गोष्ट मात्र मराठी वाचकाला चक्रावून टाकते. रोखीने घेतलात तर दोन हजार, हप्त्यांनी घेतलात तर बावीसशे, असे सांगून माल विकणे बहुतेक शास्त्र्यांना चालते! अट अशी, की गिऱ्हाइकाने दोहोंपैकी एक भाव निवडून मगच सौदा पक्का करावा. भाव अधांतरी ठेवून माल उचलू नये. इस्लामी सहकार्य संघटनेची आंतरराष्ट्रीय फिकह अकादमी जेद्दाला आहे. मार्च १९९० मधल्या अधिवेशनात तिने संमत केलेला ५१ क्रमांकाचा ठराव या क्षेत्राचा पाया मानता येईल. उधारीचा भाव रोखीच्या भावाहून जास्त असू शकतो, हे त्याने मान्य केले. आणि हप्ता थकला म्हणून ऋणकोकडून जास्तीचे काही घेणे हराम आहे, असे त्याच ठरावात बजावले. सगळ्यांनी हे मानले असे नाही. विसाव्या शतकातले हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचे, मोठे अभ्यासक नासिरुद्दीन अल-अल्बानी यांना उधारीचा वाढीव भावही रिबाच वाटे. पण चारही सुन्नी संप्रदायांचा कल अकादमीने घेतलेल्या भूमिकेकडे आहे.

बावीसशे चालतात आणि पंचवीस चालत नाहीत, हा कुठला न्याय? अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ महमूद एल-गमाल यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात इस्लामी वित्तव्यवहारातल्या अशा भेदांची कठोर तपासणी केली आहे. रूप तेवढे बदलायचे आणि त्या बदलाचा खर्च ग्राहकाच्या माथी मारायचा, असा या धंद्यावर त्यांचा आक्षेप. अर्थशास्त्राच्या वहीत दोन्ही आकडे काळाचीच किंमत दाखवतात, यात शंका नाही. तरीही मला हा भेद पोकळ वाटत नाही. बावीसशेचा आकडा सौदा ठरताना गोठतो. ऋणको आजारी पडो, त्याची नोकरी जावो, आकडा बावीसशेच राहतो.

मराठी मुलखाला हा विचार अगदीच परका नाही. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुदलाहून जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो इंग्रजी अमदानीतही लागू केला. दामदुपटीने कर्जाच्या वाढीला दुपटीवर कुंपण घातले. फिकहने ते पहिल्या दिवशीच्या आकड्यावरच घातले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, हे ज्याने शाळेत का होईना वाचले आहे, त्याला वाढत्या आकड्याची धास्ती समजावून सांगायची गरज पडू नये.

मग पैसे असूनही जो मुद्दाम टाळाटाळ करतो त्याचे काय? ऐपतदाराने देणे लांबवणे हा जुलूम आहे, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. म्हणजे धर्माची सहानुभूती चुकारांकडे नाही. यावर आज निरनिराळ्या वाटा काढलेल्या दिसतात. सर्वांत सरळ वाट म्हणजे शुल्क ठेवायचेच नाही; खाते गोठवायचे, पुढची उधारी बंद करायची, पतनोंदणी संस्थेला कळवायचे. आपल्या वाण्याची रीतही हीच, फक्त त्याच्याकडे पतनोंदणी संस्था नसते. दुसरी वाट दानाची. मालिकी या सुन्नी संप्रदायातल्या काही जुन्या पंडितांनी एक प्रश्न चर्चिला होता : वेळ चुकवली तर अमुक रक्कम दान करीन, असे बंधन ऋणकोने स्वतःवर घालून घेतले, तर ते त्याच्यावर लागू होते का? पाकिस्तानातले न्यायशास्त्रज्ञ मुफ्ती तकी उस्मानी यांनी ती चर्चा आधुनिक बँकांच्या करारांत आणली. दंड बसतो, पण तो धनकोच्या गल्ल्यात न जाता धर्मादाय कामाला जातो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या राष्ट्रीय शरिया मंडळाने २००० सालच्या १७ क्रमांकाच्या फतव्यात जवळपास हीच भूमिका घेतली. दंड फक्त ऐपत असून टाळणाऱ्याला लावायचा आणि रक्कम समाजकार्याच्या निधीत जमा करायची. मलेशियाने तिसरा, जरा हिशेबी मार्ग काढला. तिथल्या इस्लामी बँकांनी विलंबशुल्काचे दोन भाग केले. धनकोच्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई म्हणजे ‘तावीद’. थकलेल्या हप्त्यांवर वर्षाला १ टक्का ही तिची मर्यादा, आणि ती बँकेला ठेवता येते. त्यावरचा ‘गरामा’, म्हणजे दंड, बँकेने स्वतःकडे ठेवायचा नाही. आखातातल्या अनेक शास्त्र्यांना यातला पहिला भागही मान्य होणार नाही.

खरी मेख पुढे आहे. अडलेल्याला सवड द्यायची आणि टाळणाऱ्याला दंड करायचा, हे कागदावर सोपे आहे. जुन्या काळी काजी दोन्ही पक्षांना समोर बसवून चौकशी करी, साक्षी घेई. अ‍ॅपला फक्त एवढेच कळते, की सकाळी कार्डावरून पाचशे रियाल वळते झाले नाहीत. पगार रखडला म्हणून झाले नाहीत की नवे कार्ड मुद्दाम जोडले नाही म्हणून, हे त्याला कळत नाही, आणि कळून घेण्याचा खर्च पंचवीस रियालांहून जास्त येतो. मग दंड सरसकट सगळ्यांना बसतो. तो पुढे दानपेटीत गेला म्हणून, ज्याच्या खिशातून गेला त्या अडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? शरियासंमत म्हणवणाऱ्या सेवांपुढचा हा सर्वांत अवघड प्रश्न मला वाटतो. नव्या अभ्यासकाला काम करायला याहून चांगली जागा नाही.

विलंबातून कमाई करायची नाही म्हटल्यावर कंपनी जगते कशावर? दुकानदारावर. आपल्या दोन हजारांच्या फोनचे दुकानदाराला, समजा, एकोणीसशेच मिळतात. पण ते लगेच मिळतात, आणि गिऱ्हाईक बुडाले तर तोटा कंपनीचा. शंभर रियालांचा हा फरक कशाचा, यावर सगळे अवलंबून आहे. फोन तोच, हप्ते तेच, शंभर रियालही तेच. करार कसा वाचला त्यावर व्यवहार वैध की अवैध हे ठरते.

समजा, कंपनीने ग्राहकाला बिनव्याजी कर्ज दिले आणि त्याच्या वतीने दुकानदाराचे पैसे चुकते केले. हे झाले कर्ज-ए-हसना. कर्जावर कर्जदाराकडून फायदा घ्यायचा नाही, तो घेतलेला नाही. दुकानदाराकडचे शंभर हे सेवेचे शुल्क : गिऱ्हाईक आणून दिले, वसुली पाहिली, यंत्रणा पुरवली. सप्टेंबर २००० मध्ये रियाधला झालेल्या अधिवेशनात फिकह अकादमीने क्रेडिट कार्डांवर जो १०८ क्रमांकाचा ठराव केला, त्यात याला आधार मिळतो. कार्ड देणाऱ्या बँकेने दुकानदाराकडून दलाली घ्यायला अकादमीने परवानगी दिली, पण दुकानदाराने कार्डावरचा भाव रोखीच्या भावाइतकाच ठेवला पाहिजे, या अटीवर. म्हणजे हप्त्याच्या गिऱ्हाइकाला पन्नास रियाल जास्त लावणारे दुकान हा सगळा डोलारा खाली आणू शकते. शिवाय सेवा कोणती ते नेमके सांगावे लागते. बुडीची हमी दिली म्हणून शुल्क, असे म्हटले की पंचाईत. कारण जामीनकीचा मोबदला घेऊ नये, असा बहुसंख्य शास्त्र्यांचा दंडक आहे.

आता तोच व्यवहार दुसऱ्या बाजूने वाचा. दुकानदाराने ग्राहकाला माल उधार विकला, दोन हजारांचे येणे तयार झाले आणि ते येणे कंपनीने एकोणीसशेला विकत घेतले. झाले हुंडी वटवणे! पैशाचे येणे कमी पैशाला विकायचे, म्हणजे रिबाच. अकादमीच्या १९९२ सालच्या ६४ क्रमांकाच्या ठरावात हा भेद फार नेमका मांडला आहे. धनको आणि ऋणको या दोघांतच, आधी ठरवून न घेता, लवकर फेडल्याबद्दल काही सूट दिली तर चालेल. तिसरा मध्ये आला की तो व्यवहार हुंडी वटवण्याच्या सदरात जातो आणि निषिद्ध ठरतो. मलेशियातल्या शास्त्र्यांनी येण्यांच्या खरेदी-विक्रीला बरीच मोकळीक दिली आहे. आखाताने ती दिलेली नाही. एकाच कंपनीने दोन्ही बाजारांत उतरायचे ठरवले तर तिच्या वकिलांची होणारी दमछाक कल्पनेनेच जाणून घ्यावी.

तिसरे वाचन मुराबहाचे, आणि इथे जरा थांबायला हवे. मुराबहा म्हणजे खरेदीची किंमत उघड करून, त्यावर ठरीव नफा घेऊन विकणे. जॉर्डनचे सामी हसन हमूद यांनी १९७०च्या दशकात याला आधुनिक बँकेच्या साच्यात बसवले : गिऱ्हाइकाने मागणी नोंदवायची, बँकेने माल स्वतः विकत घ्यायचा आणि मग त्याला हप्त्यांनी विकायचा. आज इस्लामी बँकांचे फार मोठे काम या एका करारावर चालते. याच्या मुळाशी पैगंबरांनी हकीम इब्न हिजाम या व्यापाऱ्याला घालून दिलेला निर्बंध आहे : जे तुझ्याजवळ नाही ते विकू नये. म्हणून कंपनीला फोन आधी स्वतःच्या मालकीचा करावा लागतो. गाडी किंवा घर असेल तर या मालकीचा कागद दिसतो, काही दिवसांचा अवधी असतो. फोनवरच्या खरेदीत काय होते? ग्राहक बटण दाबतो. कंपनीचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला खरेदीची मागणी पाठवतो. दुकानाचा होकार येतो. त्या वेळेची नोंद होते आणि त्या क्षणापासून तो फोन कंपनीचा. लगेच दुसरा करार ग्राहकाच्या पडद्यावर येतो, तो ‘मान्य’ करतो, आणि फोन त्याचा. मधली मालकी काही क्षणांची.

काही क्षणांची मालकी खरी मानायची का? बहारीनमधली आयोफी ही संस्था इस्लामी वित्तव्यवहाराची मानके ठरवते. मुराबहाचे मानक आठवे आणि कब्जाचे अठरावे. प्रत्यक्ष हातात न घेता केवळ हुकमत मिळाली तरी कब्जा मानता येतो, हे तत्त्व तिथे मान्य आहे. पण हुकमतीबरोबर जोखीमही यावी लागते. कसोटी साधी आहे. त्या क्षणांत गोदामाला आग लागली तर नुकसान कोणाचे? करार ‘कंपनीचे’ म्हणत असेल, तर तिने खरोखर व्यापार केला. करारातले एखादे कलम ती जोखीम गुपचूप ग्राहकाकडे किंवा दुकानदाराकडे सरकवत असेल, तर तिने पैसेच उसने दिले आणि त्यावर नफा घेतला. माल परत करण्याचे कलमही याच नजरेने वाचायचे. फोन सदोष निघाला तर मुराबहात जबाबदारी विक्रेत्याची, म्हणजे कंपनीची. तिने ग्राहकाला दुकानाकडे पिटाळले, की मालकीच्या त्या क्षणांबद्दल शंका घ्यायला जागा होते.

तवर्रुकबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर ग्रंथांच्या राशी आहेत. ज्याला वस्तू नको, रोकडच हवी, तो एखादा माल उधारीवर घेतो आणि तिसऱ्याला रोखीने विकतो. आखातातल्या बँका यासाठी बहुधा लंडनच्या बाजारातले धातू वापरतात, मलेशियात पामतेल चालते. बँकेनेच दोन्ही बाजू जुळवून दिलेला तवर्रुक फिकह अकादमीने २००९ साली शारजात अमान्य केला. व्यवहार थांबले नाहीत. हप्त्यांच्या सेवा जसजशा रोख कर्जाकडे वळतील तसतसा हा वाद त्यांच्याही दाराशी येईल.

सोन्याचा मुद्दा मात्र सोडवत नाही. फोन, कपडे, विमानाचे तिकीट, दवाखान्याचे बिल, सगळे हप्त्यांत चालते. सोन्याच्या बांगड्या चालत नाहीत. सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहा वस्तूंची हदीस प्रसिद्ध आहे. त्यातले सोने-चांदी म्हणजे चलन, आणि चलनाने चलन घ्यायचे तर देवघेव एकाच बैठकीत व्हावी, असे बहुतेकांचे मत. दागिन्यावर कारागिरी झाली की तो चलन राहत नाही, असे इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न अल-कय्यिम म्हणत, पण आखातातली प्रमाणपत्रे सहसा त्यांच्या वाटेने जात नाहीत. इंडोनेशियाच्या मंडळाने मात्र २०१० साली ७७ क्रमांकाच्या फतव्यात, सोने आज अधिकृत चलन नाही, या कारणावरून ते हप्त्यांनी घ्यायला मुभा दिली. दुबईत जे हराम, ते जकार्तात हलाल. अशा जागी नवखा वाचक गोंधळतो. त्याने गोंधळू नये. मतभेद नोंदवून ठेवणे ही या शास्त्राची हजार वर्षांची सवय आहे.

आजचे चित्र थोडक्यात असे. दुबईत २०१९ साली टॅबी निघाली आणि २०२३ साली तिने मुख्यालय रियाधला हलवले. रियाधमध्येच २०२० साली तमारा सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये ३४ कोटी डॉलरचे भांडवल उभारताना तिचे मूल्य १ अब्ज डॉलर धरले गेले. सौदी मध्यवर्ती बँकेने २०२३ साली या कंपन्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली. ग्राहकाकडून मुदतीची किंमत घ्यायची नाही, हे तिच्यात या सेवेच्या व्याख्येतच बसवले आहे. आणखी एक बाजू ग्राहकाला कधीच दिसत नाही : हप्त्यांसाठी लागणारा पैसा येतो कुठून? मार्च २०२३ मध्ये तमाराने गोल्डमन सॅक्सकडून १५ कोटी डॉलरची कर्जसुविधा घेतली. अशी सुविधा मुराबहाच्या चौकटीतही बसवता येते आणि सरळ व्याजावरही घेता येते; तिचे स्वरूप त्या त्या कराराच्या कागदांवरून कळते. ग्राहकाच्या बाजूचा करार निर्मळ आणि भांडवलाची बाजू व्याजाची, अशा कंपनीला शरियासंमत म्हणावे का, यावर शास्त्र्यांत एकवाक्यता नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे मानधन कंपनीच देते, हीही जुनी तक्रार आहे. मलेशियाने मात्र मध्यवर्ती बँकेच्या शरिया सल्लागार मंडळाचा निर्णय २००९ च्या कायद्याने न्यायालयांवरही बंधनकारक केला. असा शेवटचा शब्द इतर सगळ्या देशांत नाही.

सगळ्या कलमांत पास झालेली सेवा चांगलीच असते असेही नव्हे. कर्जबाजारी मृताच्या जनाज्याची नमाज पढण्याआधी पैगंबर थांबले आणि अबू कतादा यांनी ते देणे अंगावर घेतल्यावरच पुढे झाले, ही कथा हदीसच्या संग्रहांत आहे. तेच पैगंबर चिलखत गहाण ठेवून धान्य उधार घेत, हेही तिथेच आहे. गरजेची उधारी आणि हौसेची उधारी यांतली रेघ प्रमाणपत्रावर उमटत नाही. आणि चार हप्त्यांचे बटण तर बुटांच्या तिसऱ्या जोडापाशीच जास्त ठळक दिसते.

हे सारे मराठीत कशाला, असे विचारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रत्नागिरी-रायगडातली असंख्य घरे कित्येक वर्षे आखातातल्या पगारावर चालत आली आहेत. कुवेत, दोहा, दम्माममध्ये नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाच्या फोनवर हे बटण रोज येते, तो मुसलमान असो वा नसो. दुसरी गोष्ट इतिहासाची. आजचा मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था चालत होत्या, आणि उस्मानिया विद्यापीठाशी संबंधित विद्वान मुहम्मद हमीदुल्ला यांनी १९४०च्या दशकात त्यांच्याविषयी लिहिले. पुढे गोरखपूरला जन्मलेले आणि अलीगढला शिकवणारे नजातुल्ला सिद्दिकी यांनी बिनव्याजी बँकेचे तपशीलवार प्रारूप उर्दूत मांडले. १९८२ साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. म्हणजे ही विद्या आखातातून आपल्याकडे येते आहे असे समजायचे कारण नाही. तिचा बराच भाग इकडून तिकडे गेला आहे. भारतात मात्र तिला बँकिंगच्या कायद्यात जागा मिळाली नाही. रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरात, हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असे ठरल्याचे कळवले.

हे पुस्तक वाचायला अरबी यावी लागत नाही, की श्रद्धेची अट नाही. कराराचे कलम सावकाश वाचायची सवय असली की पुरे. प्रकरणे सुटी वाचली तरी चालतील, पण विलंबावरचे पहिले प्रकरण कृपया वगळू नका. आणि ते वाचताना आपल्याच फोनवरच्या एखाद्या हप्तेसेवेच्या अटी शेजारी उघडून ठेवा, भारतीय सेवा असली तरी हरकत नाही. फिकह अकादमीचे ठराव अरबीत आणि इंग्रजीत उपलब्ध आहेत. कायद्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यांतले ५१, ६४ आणि १०८ क्रमांकांचे तीन ठराव टिपांसह मराठीत आणावेत, अशी माझी विनंती आहे. तिन्हींची मिळून पाने थोडीच आहेत.